शिफारस, वाण आणि एकस्व : यवतमाळच्या शिवारातील कृषी विद्यापीठाचे संशोधन

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले, तेव्हा विदर्भाचे त्या वेळचे आठही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. पुढे जिल्ह्यांची विभागणी होऊन ही संख्या अकरा झाली. या जिल्ह्यांमध्ये यवतमाळचे स्थान वेगळे आहे. विद्यापीठाने ज्या पिकावर सातत्याने परिश्रम घेतले त्या कपाशीचा येथे मोठा पेरा आहे, शेती बव्हंशी पावसावर अवलंबून आहे, आणि प्रक्षेत्रावर तयार झालेल्या वाणांची, यंत्रांची व लागवड पद्धतींची खरी परीक्षा येथील बरड आणि काळ्या अशा दोन्ही प्रकारच्या जमिनींत होत आली आहे. विद्यापीठीय संशोधनातून निघणारे शोध आणि त्यांवरील कायदेशीर हक्क, म्हणजेच पेटंट किंवा एकस्व, यांची चर्चा सहसा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या किंवा औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांच्या संदर्भात केली जाते. शेतीच्या संशोधनाला हा विचार निराळ्या रीतीने लागू पडतो, आणि त्याचे परिणाम यवतमाळच्या शेतकऱ्याने बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीपासून फवारणीच्या खर्चापर्यंत प्रत्यक्ष अनुभवले आहेत. म्हणूनच या इतिहासाची मांडणी इमारती, पदाधिकारी आणि अनुदाने यांच्या क्रमाने केलेली नाही. संशोधनाचे फळ कोणाच्या हाती राहिले, या प्रश्नाच्या सूत्राने ती केली आहे.

विद्यापीठ स्थापन होण्याच्या बऱ्याच आधीपासून वऱ्हाडात कापूस संशोधनाची परंपरा रुजली होती. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ साली सुरू झाले, तर अकोल्याच्या सरकारी प्रक्षेत्रावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून देशी कपाशीच्या मिश्र लागवडीतून चांगली झाडे निवडून त्यांचे शुद्ध वाण तयार करण्याचे काम होत असे. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती अस्तित्वात आल्यावर या कामाला नियमित निधी मिळू लागला. रोझियम, व्हेरम, एच-४२०, एके-२३५ हे वाण याच परंपरेतले. त्या काळी वनस्पतीच्या वाणावर मालकी हक्क सांगता येईल अशी कल्पनाही येथे नव्हती. वाण सरकारी प्रक्षेत्रावर तयार होई, त्याची सरकी बियाणे म्हणून गावोगावी दिली जाई आणि दोन-तीन हंगामांत ती शेतकऱ्यांच्या आपापसांतील देवघेवीतून पसरत जाई. संशोधकाचे नाव अहवालात राही आणि वाण मात्र सर्वांचा होई. या व्यवस्थेचे गुण आणि मर्यादा दोन्ही पुढे विद्यापीठाकडे वारशाने आल्या.

महाराष्ट्रात कृषी विद्यापीठे उभी राहण्यामागे ज्या दोन व्यक्तींचा विचार प्रामुख्याने करावा लागतो, त्या दोघांचाही या भूमीशी जवळचा संबंध होता. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात केंद्राचे कृषिमंत्री होते आणि शेतीच्या शिक्षणाला स्वतंत्र व प्रतिष्ठित स्थान मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते आणि राज्यातील चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाली. १९६८ मध्ये राहुरीला संपूर्ण राज्यासाठी एकच विद्यापीठ सुरू झाले, परंतु विदर्भाच्या जमिनी, पाऊसमान व पिके वेगळी असल्यामुळे अकोल्याला स्वतंत्र विद्यापीठ हवे, या मागणीसाठी येथे तीव्र आंदोलन झाले आणि पुढच्याच वर्षी ती मान्य झाली. संकरित ज्वारीचा प्रसार हा नाईकांच्या शेतीविषयक धोरणाचा गाभा होता. प्रयोगशाळेतील बियाणे शेतापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी, हे तत्त्व त्या धोरणात होते आणि विद्यापीठाच्या पहिल्या दोन दशकांतील कामावर त्याची छाप स्पष्ट दिसते.

यवतमाळमधील कामाला निश्चित स्वरूप आले ते राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पामुळे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७९ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात प्रत्येक राज्याची हवामान, जमीन आणि पीकपद्धती यांनुसार विभागणी करण्यात आली. महाराष्ट्राचे नऊ विभाग ठरले आणि त्यांपैकी मध्य विदर्भ विभागासाठी यवतमाळला विभागीय कृषी संशोधन केंद्र उभे राहिले. पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यासाठी असेच केंद्र चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही येथे आहे. विद्यापीठात निघालेले वाण व तंत्र आपल्या विभागाच्या परिस्थितीत तपासणे, स्थानिक अडचणींवर स्वतः प्रयोग करणे आणि उपयुक्त ठरलेली गोष्ट शेतकऱ्यांना सुचवणे, ही विभागीय केंद्राची मुख्य कामे होत. यवतमाळच्या संदर्भात याचा अर्थ कपाशी, तूर, सोयाबीन आणि ज्वारी यांची कोरडवाहू लागवड, त्यांची आंतरपिके, खतांच्या मात्रा, किडींचा बंदोबस्त आणि ओलावा टिकवून धरण्याच्या पद्धती असा होतो. विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्राने पुढे प्रात्यक्षिके आणि प्रशिक्षण यांद्वारे या कामाला विस्ताराची जोड दिली.

अशा केंद्रात होणाऱ्या कामाचे फळ ज्या स्वरूपात बाहेर पडते त्याला शिफारस म्हणतात. संशोधक तीन किंवा अधिक हंगाम प्रयोग करतो, आकडेवारी विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवतो, आणि मग राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या वार्षिक बैठकीत, जिला सर्वजण ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात, त्या निष्कर्षाला मान्यता मिळते. मान्यता मिळताच ती शिफारस पुस्तिकांतून, मेळाव्यांतून आणि शिवार फेऱ्यांतून सर्वांसाठी खुली होते. संशोधनाला लोकांपर्यंत नेणारी ही अतिशय उमदी रीत आहे, आणि दोन ओळींमध्ये खत किती द्यावे इथपासून तुरीचे शेंडे केव्हा खुडावेत इथपर्यंतचे ज्ञान यवतमाळच्या शेतकऱ्याला तिच्यामुळेच विनामूल्य मिळाले. मात्र पेटंटच्या दृष्टीने पाहिले तर हीच रीत अडसर ठरते. पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो, आणि अर्ज दाखल होण्यापूर्वी तो सार्वजनिक झाला असेल तर कायद्याच्या दृष्टीने त्याचे नावीन्य सहसा संपते. आधी शिफारस आणि मग, सुचलेच तर, हक्काचा विचार, अशी दीर्घकाळची सवय असलेल्या संस्थेच्या नावावर पेटंट थोडी असणे यात आश्चर्य नाही, आणि तेवढ्यावरून तिच्या संशोधनाची प्रत ठरवणे अन्यायाचे होईल.

कायद्यानेही शेतीला वेगळी वागणूक दिली आहे. भारताचा पेटंट कायदा १९७० सालचा. शोध उघड करण्याच्या मोबदल्यात शोधकाला ठराविक काळापुरता, आता वीस वर्षांचा, अनन्य अधिकार देणे हे या कायद्याचे तत्त्व आहे. परंतु कशाला पेटंट मिळणार नाही याची यादी त्याच्या तिसऱ्या कलमात दिली आहे. शेतीची किंवा फळबागेची पद्धत या यादीत पहिल्यापासून आहे, आणि २००२ च्या दुरुस्तीने वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणे, वाण आणि त्यांच्या पैदाशीच्या मूलतः जैविक प्रक्रिया यांचाही समावेश तीत झाला. त्यामुळे पेरणीची एखादी नवी रीत कितीही कल्पक असली, आणि एखादा वाण कितीही परिश्रमाने तयार झाला असला, तरी त्यावर पेटंट मिळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेती सोडून माती व पाणी जपणारी नैसर्गिक शेतीची जी पद्धत विकसित केली, तिच्यासाठी २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेटंट मात्र अशा ज्ञानासाठी नसते, आणि कोणताही शेतकरी ते पाहून आपल्या शेतात उतरवू शकतो.

तरीही १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदाविषयक करार लागू झाल्यावर वनस्पतींच्या वाणांना काही ना काही संरक्षण देणे भारताला भाग पडले. त्यासाठी संसदेने पेटंटचा मार्ग न पत्करता २००१ मध्ये ‘वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा’ केला. नवीनता, इतरांपासून वेगळेपण, सर्व झाडांमधील एकसारखेपणा आणि पिढ्यानुपिढ्या टिकणारे स्थैर्य या कसोट्यांवर उतरणाऱ्या वाणाची नोंदणी त्यात होते, आणि कपाशी किंवा सोयाबीन यांसारख्या पिकांना पंधरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. या कायद्याचे मोठेपण त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात आहे. शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यात दिला आहे. फक्त ते छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही. शिवाय शेतकऱ्याने स्वतः निवडून जोपासलेला वाण त्याच्या नावे नोंदवण्याची सोयही या कायद्यात आहे. पैदासकाराचा आणि शेतकऱ्याचा हक्क एकाच कायद्यात शेजारी शेजारी ठेवणारा असा विचार जगात क्वचितच आढळतो.

हा कायदा येण्याआधी काय घडू शकत होते, याचे उदाहरण विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात आहे आणि प्रामाणिक इतिहासात त्याला जागा दिली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या धानाच्या शेतात निराळ्या दिसलेल्या काही लोंब्या वेगळ्या काढल्या आणि हंगामामागून हंगाम त्यांची निवड करत बारीक दाण्याचा एक वाण तयार केला. व्यापाऱ्यांनी त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव दिले आणि तो विदर्भाबाहेरही दूरवर पसरला. १९९४ मध्ये विद्यापीठाने त्याचे बियाणे प्रयोगासाठी घेतले आणि १९९८ मध्ये शुद्ध केलेला वाण विद्यापीठाच्या आद्याक्षरांसह पीकेव्ही एचएमटी या नावाने प्रसारित झाला. शुद्धीकरण हे शास्त्रीय काम आहे, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. मूळ निवडीचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही दादाजींची व्यथा होती. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. शेतकऱ्याकडून आलेल्या बियाण्यावर संस्थेने काम करणे गैर नाही, कित्येक चांगले वाण तसेच घडतात. परंतु त्या बियाण्यासोबत ते देणाऱ्याचे नावही संस्थेच्या दप्तरात व वाणाच्या इतिहासात आलेच पाहिजे, हे या प्रकरणाने सर्व कृषी विद्यापीठांना शिकवले.

यंत्रांची गोष्ट वाणांपेक्षा वेगळी. यंत्राला पेटंट मिळू शकते, आराखड्याची नोंदणी होऊ शकते आणि निर्मितीचा परवानाही देता येतो. विद्यापीठाच्या कृषी प्रक्रिया अभियांत्रिकी विभागाने तयार केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल हे या बाबतीतले ठळक उदाहरण आहे. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीत आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेण्याची रीत जुनी आहे. परंतु शेतकरी तूर बाजारात विकून डाळ किराणा दुकानातून विकत घेत असे, आणि या दोन किमतींमधला फरक मोठ्या दाल गिरण्यांकडे जात असे. मिनी दाल मिलने हे काम गावपातळीवर आणले. खरखरीत पृष्ठभागाच्या रोलरवर दाण्याच्या टरफलाला ओरखडे पाडले जातात, मग त्याला तेलाचा किंवा पाण्याचा हात देऊन तो वाळवतात आणि पुन्हा रोलरमधून काढून टरफल वेगळे करून दाणा दुभंगतात. कमी अश्वशक्तीच्या मोटरवर हे सर्व चालते, आणि मागे राहिलेली चुनी व कोंडा जनावरांच्या खुराकाला उपयोगी पडतो. बचत गटांनी आणि ग्रामीण तरुणांनी ही यंत्रे घेतली. विद्यापीठाने निर्मितीचे तंत्र कारखानदारांना करार करून दिले. एखाद्या शोधाचे मूल्य त्याच्या हक्काच्या कागदावर ठरते की वापरावर, असा प्रश्न विचारला तर या यंत्राचे उत्तर गावोगावच्या कांडपघरांत सापडते. तथापि, नक्कल करून बनवलेली हलक्या प्रतीची यंत्रे बाजारात आली की ग्राहक फसतो आणि मूळ संस्थेच्या नावालाही बाधा येते, म्हणून यंत्रांच्या बाबतीत हक्काची नोंदणी ही ग्राहकाच्या हिताचीही गोष्ट आहे.

जिल्ह्यातील बहुतेक अकृषी उच्च शिक्षण १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी, आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी, संलग्न आहे. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थान ही तंत्रशिक्षणातील प्रमुख नावे होत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम व नवसंशोधन यांसाठी प्रत्येक विद्यापीठात स्वतंत्र मंडळ आवश्यक केले, आणि २०२१ मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटचे शुल्क ८० टक्क्यांनी कमी केले. तेव्हापासून महाविद्यालयांच्या अहवालांत पेटंटची संख्या झपाट्याने वाढू लागली. येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. अर्ज केल्यावर साधारण अठरा महिन्यांनी, किंवा विनंती केल्यास त्याआधी, तो पेटंट कार्यालयाच्या पत्रिकेत प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध होणे म्हणजे मंजूर होणे नव्हे. मंजुरीपूर्वी तपासणी होते, आक्षेपांना उत्तरे द्यावी लागतात आणि शोध खरोखर नवा, कल्पक व उपयोगी आहे हे सिद्ध करावे लागते. त्यानंतरही तो कोणी वापरायला घेतला नाही तर दरवर्षीचे शुल्क भरून जपलेले ते कोरे प्रमाणपत्रच राहते. मूल्यांकनाच्या तक्त्यात गुण मिळवण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या अर्जांची बेरीज मांडणे हे संशोधनाच्या हिताचे नाही.

विद्यापीठांनी पेटंट घ्यावे का, हा वाद जगात जुना आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे संशोधक हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नावर अतिनील किरण टाकून त्यातील ड जीवनसत्त्व वाढवण्याचा शोध लावला आणि त्या हक्काचे उत्पन्न पुन्हा संशोधनाकडे वळावे म्हणून १९२५ मध्ये तेथे एक प्रतिष्ठान उभे राहिले. पुढे १९८० मध्ये अमेरिकेने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेता येईल असा कायदा केला. त्याच धर्तीवर भारतात २००८ मध्ये राज्यसभेत एक विधेयक मांडले गेले, परंतु जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेलाच पुन्हा विकत घ्यावे लागेल, या आक्षेपामुळे ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये मागे घेण्यात आले. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा आक्षेप पोकळ नव्हता, हे कपाशीच्या बियाण्याच्या इतिहासावरून दिसते, आणि तो इतिहास आता सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केलेला पीकेव्ही हायब्रीड-२ हा संकर वाण पुढील दोन दशके विदर्भाच्या कोरडवाहू शेतीचा आधार होता. यवतमाळच्या पऱ्हाटीच्या शेतांत त्याचे नाव घरोघरी माहीत होते. त्याच्याबरोबर एकेएच-०८१, पीकेव्ही रजत यांसारखे अमेरिकन कपाशीचे सरळ वाण आणि एकेए-७ सारखे देशी वाणही अकोल्याने दिले. सरळ वाण आणि संकर वाण यांतील फरक हक्काच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सरळ वाणाचे बी शेतकऱ्याने राखून पेरले तर पुढच्या वर्षी बहुतेक तसेच पीक येते. संकर वाण मात्र दोन वेगळ्या पालकांच्या मीलनातून तयार होतो. त्याची सरकी पुन्हा पेरली तर पीक विस्कळीत होते आणि उत्पन्न घटते, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. कायद्याने जे संरक्षण दिलेले नसते ते संकरात निसर्गतःच येते. यामुळेच खाजगी कंपन्यांचा ओढा संकर वाणांकडे असतो. विद्यापीठाचा संकर वाण मात्र अकोल्यातच मुख्यालय असलेल्या महाबीजसारख्या सार्वजनिक यंत्रणेमार्फत पोहोचत होता आणि त्याची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात राहत होती. संकर बियाणे तयार करण्यासाठी कळीतील पुंकेसर हातांनी काढून दुसऱ्या दिवशी परागीकरण करावे लागते आणि त्याला फार मजूर लागतात. तो खर्च वाचवण्यासाठी अकोल्याच्या पैदासकारांनी नर वंध्यत्वावर, म्हणजे परागकण न देणाऱ्या झाडांच्या वापरावर, मोलाचे संशोधन केले. पीकेव्ही हायब्रीड-३ हा संकर आणि देशी कपाशीतील जीएके-४२३ अ ही नर वंध्य ओळ त्यातूनच पुढे आली. आजच्या नियमांत अशा कामाभोवती हक्कांचे कुंपण घातले गेले असते. त्या वेळी ते शोधनिबंधांतून सर्वांना मिळाले आणि खाजगी बियाणे उद्योगालाही ते वाचायला खुले होते.

सोयाबीनच्या बाबतीतही असाच मोकळेपणा होता. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-३३५ हा वाण १९९० च्या दशकात यवतमाळमध्ये शिरला आणि काही वर्षांतच ज्वारीच्या व काही प्रमाणात कपाशीच्या जागी उभा राहिला. दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठाने तयार केलेला वाण येथे आला, त्यासाठी कोणालाही शुल्क द्यावे लागले नाही, आणि सोयाबीन स्वपरागीत असल्याने शेतकरी घरचे बियाणे उगवणक्षमता तपासून वर्षानुवर्षे पेरत राहिले. अलीकडे विद्यापीठाच्या अमरावती केंद्रावरून आलेले पीडीकेव्ही यलो गोल्ड आणि पीडीकेव्ही अंबा हे वाण याच वाटेने पसरत आहेत.

कपाशीत मात्र २६ मार्च २००२ या दिवसापासून चित्र बदलले. त्या दिवशी केंद्राच्या समितीने बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे जीवाणूचे जनुक असलेल्या, म्हणजे बीटी कपाशीच्या, तीन संकर वाणांना मान्यता दिली. हे जनुक-तंत्र मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीचे होते. पहिल्या पिढीच्या तंत्रावर भारतात पेटंट नव्हते, तरीही मान्यता व परवाना या दोन्ही वाटा कंपनीच्याच हातात होत्या. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सुरुवातीला सुमारे १,६०० रुपये होती आणि तिचा मोठा भाग तंत्रशुल्काचा होता. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यावर २००६ मध्ये ती ७५० रुपयांवर आली. त्याच वर्षी दोन जनुकांची दुसरी पिढी आली आणि तिच्याशी संबंधित पेटंट २००८ मध्ये भारतात मंजूर झाले. देशातील कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र एका दशकात बीटीखाली गेले. बीटी जनुक मिळाले ते जवळजवळ केवळ संकर वाणांना, आणि सार्वजनिक संस्थांच्या वाणांत ते नसल्याने पीकेव्ही हायब्रीड-२, रजत आणि एकेएच-०८१ यांना दुकानांत जागा उरली नाही. हे वाण नापास झाले नव्हते. त्यांच्यात एक गुण घालण्याचा अधिकार त्यांच्या निर्मात्यांकडे नव्हता. या इतिहासातील सर्वांत मोठे नुकसान कोणते, याचे उत्तर येथे आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी आणण्याचा प्रयत्न केला आणि २००९ मध्ये तो प्रसारितही झाला, परंतु त्यात कंपनीचेच जनुक आढळल्याने तो मागे घ्यावा लागला.

यवतमाळच्या कोरडवाहू जमिनीसाठी या बदलाचा अर्थ गंभीर होता. उशिरापर्यंत उभी राहणारी, विरळ लावलेली, भरपूर खत व पाणी मागणारी संकर कपाशी हलक्या जमिनीत सप्टेंबरनंतर ओलावा संपल्यावर तग धरत नाही. गुलाबी बोंडअळीने दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही दाद देणे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात उंच वाढलेल्या कपाशीत कीटकनाशकांची मिश्रणे फवारताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि त्यांची चौकशी शासनाने केली. परंतु लवकर येणाऱ्या, बुटक्या आणि कमी फवारणीच्या कपाशीचे वाण सार्वजनिक संस्थांकडे असूनही ते शेतात नव्हते, ही वस्तुस्थिती त्यांतच मोजावी लागेल.

पेटंटचा प्रश्न दरम्यान न्यायालयात गेला होता. मोन्सॅन्टो आणि नुजिवीडू सीड्स ही बियाणे कंपनी यांच्यातील वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ११ एप्रिल २०१८ रोजी तिसऱ्या कलमाच्या आधारे हे पेटंट रद्द ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी तो निर्णय बाजूला सारून प्रकरण पूर्ण सुनावणीसाठी परत पाठवले, आणि पुढे दोन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केली. वनस्पतीत घातलेले जनुक पेटंटयोग्य शोध की वनस्पतीचाच अविभाज्य भाग, या मूळ प्रश्नाचे अंतिम उत्तर त्यामुळे या वादातून मिळाले नाही. दरम्यान केंद्र शासनाने २०१५ च्या आदेशाने बियाण्याची किंमत व तंत्रशुल्क दोन्ही नियंत्रणाखाली आणले. हे शुल्क २०१६ मध्ये ४९ रुपये होते, पुढे घटत २०२० मध्ये शून्यावर आले, आणि त्याआधीच २०१९ अखेर पेटंटची मुदतही संपली.

अकोल्याच्या वाणांचा शिवारात परतण्याचा मार्ग याच वर्षांत खुला झाला. महाबीज आणि विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून पीकेव्ही हायब्रीड-२ हा वाण दुसऱ्या पिढीच्या बीटी जनुकांसह बाजारात आला. त्याहून महत्त्वाचे काम नागपूरच्या संस्थेने केले. पेटंट नसलेल्या पहिल्या पिढीचे जनुक तिने सरळ वाणांत घातले, आणि २०१७-१८ च्या सुमारास प्रसारित झालेल्या या वाणांत पीकेव्ही ०८१ बीटी आणि रजत बीटी ही अकोल्याच्या मूळ वाणांची नवी रूपे आहेत. यांची सरकी शेतकरी राखून पेरू शकतो, त्याला कायद्याची मुभा आहे आणि निसर्गाचाही अडसर नाही. एकेएच-०८१ ची झाडे आखूड व लवकर येणारी असल्याने ती दाट लावता येतात. ९० बाय ६० सेंटीमीटर अंतरावरील संकर कपाशीत हेक्टरी सुमारे साडेअठरा हजार झाडे बसतात, तर ६० बाय १० सेंटीमीटरवर एक लाख सहासष्ट हजारांहून अधिक. प्रत्येक झाडावर मोजकी बोंडे, पण ती एकदम व लवकर फुटतात आणि गुलाबी बोंडअळीचा जोर वाढण्याआधी वेचणी आटोपते. मध्य विदर्भाच्या हलक्या जमिनींना हेच हवे आहे.

आता अडचण हक्काची उरलेली नाही. ती बियाण्याच्या साखळीची आहे. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे तयार होण्यासाठी प्रक्षेत्रे, मनुष्यबळ आणि नियमित मागणी लागते, आणि एकदा विकल्यावर पुन्हा खप न होणारे सरळ वाणाचे बियाणे तयार करण्यात खाजगी उद्योगाला स्वारस्य नसते. दाट लागवडीला हेक्टरी बियाणेही अनेक पटींनी अधिक लागते. हे काम सार्वजनिक संस्थेशिवाय कोणी करणार नाही. यवतमाळचे विभागीय केंद्र, जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र, महाबीज आणि बियाणे उत्पादक शेतकरी यांनी मिळून या सरळ वाणांचे बियाणे राळेगाव, घाटंजी, केळापूर आणि मारेगाव तालुक्यांतील हलक्या जमिनींसाठी पुरेशा प्रमाणात उपलब्ध केले, तर अकोल्याच्या पैदासकारांनी तयार केलेला वाण कोणत्याही परवान्याशिवाय आणि तंत्रशुल्काशिवाय पुन्हा एकदा येथील पऱ्हाटीत उभा राहू शकेल.